"पूर आला की लुटारू येतात, गेट बंद ठेवा": या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

दोन दिवस सलग पाऊस लागला की ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली सगळीकडच्या सोसायटी ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. सुरुवातीला लाल दिव्याचे इमोजी आणि मोठ्या अक्षरात सावधान. मजकूर थोडक्यात असा, की पूर किंवा भूकंप झाला की माणसातलं जनावर जागं होतं, पाण्यापेक्षा जास्त नुकसान लुटारू करतात, हे लुटारू शेजारच्या झोपडपट्टीतून आणि बाहेरगावाहून येतात, जपानमध्ये बघा काडीसुद्धा चोरीला जात नाही, आपल्याकडे दिसताक्षणी गोळ्या घातल्या पाहिजेत, आणि तोवर घर सोडू नका, गेट बंद ठेवा, कोणालाही आत घेऊ नका, दहा ग्रुपवर पाठवा. खाली व्हिडिओ, लोक ट्रकमधून खोकी उचलून पळतायत.

पाठवणारे बहुतेक काळजीपोटी पाठवतात हे मला माहितीय, माझ्याच नात्यातले लोक पाठवतात, म्हणून नीट एकेक वाक्य घेऊन उत्तर देतेय. वाचायला पाच-सात मिनिटं लागतील पण कृपया वाचा.

व्हिडिओचं आधी उरकते. त्यात रस्ता कोरडा ठणठणीत आहे, डोक्यावर कडक ऊन आहे, ट्रक हायवेच्या कडेला आडवा पडलाय. हा अपघात झालेल्या ट्रकचा व्हिडिओ आहे, पुराशी त्याचा काहीएक संबंध नाही. माल उचलणं चूकच, पण पुराचा पुरावा म्हणून तो चालणार नाही.

"आपत्तीत माणसातलं जनावर जागं होतं."

हे वाक्य सगळ्यात जास्त पटतं लोकांना, आणि सगळ्यात जास्त चुकीचं तेच आहे. अमेरिकेत १९६३ पासून एक डिझास्टर रिसर्च सेंटर आहे, क्वारांटेली आणि डाइन्स नावाच्या दोन समाजशास्त्रज्ञांनी तिथे अनेक वर्षं वादळं, पूर, भूकंप यानंतर लोक नेमकं काय करतात याचा अभ्यास केला, आणि त्यांना परत परत हेच दिसलं की नैसर्गिक आपत्तीनंतर सामूहिक लूटमार फार क्वचित होते, दंगलीत होते तशी नाही होत. चोऱ्या होतात, पण त्या एकट्यादुकट्याने, लपूनछपून, आणि आजूबाजूचे लोक अशा माणसाला थारा देत नाहीत.

आणि अमेरिकेपर्यंत जायची तरी काय गरज आहे. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, फोन बंद, लाइट नाही, राज्यात हजाराच्या वर माणसं गेली. चोराला याच्यापेक्षा सोयीचा दिवस मिळेल का? बायका रात्रभर अंधारात चालत घरी आल्या, अनोळखी घरांत झोपल्या, हायवेच्या कडेच्या वस्त्यांमधले लोक चहा आणि बिस्किटाचे पुडे घेऊन उभे होते. दुकानं फोडायची लाट मुंबई-ठाण्यात आली नाही. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर प्रवासी, गाडीत नऊ गरोदर बायका. नेव्ही आली, एनडीआरएफ आली, पण आजूबाजूचे गावकरीही मदतीला उतरले होते. गाडीत सामान होतं, दागिने होते, पैसे होते. लुटायला कोणी नाही आलं.

आता कोणी म्हणेल की लूट कधी झालीच नाही का. झालीय की, आणि ते लपवून मला काही सिद्ध करायचं नाहीये. १९८९ ला ह्यूगो वादळानंतर कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर मोठी लूट झाली, त्यात पोलीससुद्धा सामील होते. २०१० ला चिलीत ८.८ चा भूकंप झाला, कॉन्सेप्सियॉन शहरात सुपरमार्केट फोडली, शेवटी लष्कर आणून कर्फ्यू लावावा लागला. आपल्याकडे २०१३ ला केदारनाथला मेलेल्यांचे पैसे, दागिने काढून घेणारे पकडले गेले. हे सगळं खरं आहे. पण क्वारांटेलीनेच सेंट क्रॉयचा अभ्यास केला आणि त्याला दिसलं की तिथे आधीपासून गरीब-श्रीमंतातली दरी प्रचंड होती, गुन्हेगारी होती, पोलिसांवर कोणाचा भरवसा नव्हता. म्हणजे वादळाने माणसं रातोरात बदलली नाहीत, आधीचं दुखणं वर आलं. त्यावरून दरवर्षी पाणी साचलं की दिवा गावातला माणूस ऐरोलीत टीव्ही चोरायला निघतो असं कसं काय म्हणायचं?

"लुटारू शेजारच्या झोपडपट्टीतून येतात."

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे वाक्य ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं आपल्याच घरी भांडी घासतात, आपल्याच मुलांना रिक्षाने शाळेत सोडतात.

पाणी भरतं कुठे? खाडीकाठच्या आणि नाल्याकाठच्या चाळींमध्ये, कळवा, मुंब्रा, दिवा, तळमजल्याच्या खोल्यांमध्ये. आपल्या टॉवरमध्ये पार्किंगला पाणी येतं आणि लिफ्ट बंद पडते, त्यांच्याकडे कपाटापर्यंत येतं. म्हणजे ज्याचं सगळं बुडालंय त्यालाच आपण चोर ठरवतोय. आणि चोरीची खरी भीती कोणाला असते माहितीय? त्यांनाच. पाणी उतरल्यावर आमच्या मंडळाच्या पोरांसोबत मी एका चाळीत गेले होते, तिथे एका काकूंनी सिलेंडर साडीने खिडकीच्या गजाला बांधून ठेवला होता, कारण रिकामा सिलेंडर पाण्यावर तरंगतो आणि वाहून जातो. त्या स्वतः पोटमाळ्यावर बसून होत्या, मांडीवर पिशवीत रेशन कार्ड, आधार, मुलीची दहावीची मार्कशीट. महापालिकेची माणसं शाळेत चला म्हणून सांगून गेली होती पण त्या गेल्या नाहीत. का, तर मोबाइलवर आलं होतं की रिकामी घरं फोडतायत. छातीपर्यंत पाणी आलं तरी बाई खोली सोडायला तयार नव्हती!

तुमचा मेसेज तिथपर्यंत जातो हो. टॉवरमधल्या ग्रुपवरून कामवाल्या मावशींच्या मोबाइलवर, तिथून त्यांच्या चाळीच्या ग्रुपवर. आणि तिथे तो वाचून माणूस जागा सोडत नाही, पाणी वाढतं, रात्री होडी पोचत नाही. चोरीच्या भीतीने लोक वेळेवर घर सोडत नाहीत ही बचाव काम करणाऱ्यांची जगभरची डोकेदुखी आहे. टीव्ही परत घेता येतो.

"जपानमध्ये काडीसुद्धा चोरीला जात नाही."

जपानचं कौतुक मलाही आहे. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर लोकांनी ढिगाऱ्यात सापडलेल्या ५,७०० तिजोऱ्या पोलिसांकडे नेऊन दिल्या, आत दोन अब्ज येनच्या वर रोकड होती. पण त्याच त्सुनामीनंतर केसेन्नुमामध्ये एका बँकेच्या शाखेतून ४ कोटी येन चोरीला गेले, फुकुशिमाच्या रिकाम्या केलेल्या भागात घरफोड्या झाल्या. म्हणजे तिथेही थोडे चोर आणि खूप सारी भली माणसं, इथेही तेच.

पण जपानची जी गोष्ट या मेसेजसोबत सांगायला हवी ती १९२३ ची आहे. १ सप्टेंबरला टोकियो-योकोहामात भूकंप झाला, आगी लागल्या, लाखाच्या वर लोक गेले. लगेच अफवा सुटली की कोरियन मजूर लूट करतायत, आगी लावतायत, विहिरीत विष टाकतायत. पोलिसांनीही ती पसरवली. गल्लोगल्ली लोकांनी रखवालीची पथकं काढली, रस्त्यावर नाके लावले, येणाऱ्याला जपानी आकडे बोलायला लावायचे आणि उच्चार वेगळा आला की मारायचे. हजारो कोरियन मारले गेले, चिनी मारले गेले. चिबामधल्या फुकुदा गावात तर औषधं विकत फिरणाऱ्या नऊ जपानी लोकांनाच मारलं, त्यांची बोली लांबच्या प्रांताची होती म्हणून, त्यात लहान मुलं होती, एक गरोदर बाई होती. मारणारे कोण होते? आपलं गाव, आपली गल्ली वाचवायला निघालेली साधी माणसं.

हे वाचून लांबचं वाटत असेल तर आपल्या धुळ्यातलं राईनपाडा बघा. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असं व्हॉट्सॅपवर फिरत होतं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी फक्त पाच चॅटवर फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. "अनोळखी माणसांची टोळी आलीय" हे आपल्याकडे साधं वाक्य नाहीये राव, त्याने माणसं मेलीत.

"दिसताक्षणी गोळ्या घाला."

हे करून झालंय. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौराने लुटारूंना ठार मारायचा लेखी हुकूम काढला होता. आणि २००५ ला, आपल्या २६ जुलैनंतर महिनाभरातच, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कॅट्रिना वादळ आलं. टीव्हीवर बातम्या काय, तर शहरात खून, बलात्कार, लूट चालूय, सुपरडोम स्टेडियममध्ये दोनशे प्रेतं पडलीयत. महापौरांनी दीड हजार पोलिसांना लोकांना वाचवायचं काम सोडून लूट रोखायला पाठवलं. लोक छपरांवर बसून होते तेव्हा! नंतर सुपरडोममध्ये प्रेतं मिळाली सहा, चार जण नैसर्गिक कारणाने गेलेले, एक ड्रग्जने, एक आत्महत्या. खून एकही नाही. दुकानं फुटली होती हे खरं, पण बाकी बरंचसं अफवा होतं.

आणि गोळ्या? ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, दोघं मेले, एक सतरा वर्षांचा मुलगा आणि एक मतिमंद माणूस ज्याला पाठीत गोळ्या लागल्या. पोलिसांनी खोटे रिपोर्ट लिहिले, खटला वर्षानुवर्षं चालला, शेवटी २०१६ ला त्यांनी गुन्हा कबूल केला.

आपल्या कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे, पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला तर शिक्षा समाजसेवेची आहे. वाहत आलेला बिस्किटांचा खोका उचलणाऱ्या पोराला तुम्ही गोळी घाला म्हणताय, जरा शांतपणे विचार करा.

"गेट बंद ठेवा, कोणालाही आत घेऊ नका."

न्यू ऑर्लिन्सहून चालत निघालेले लोक पुलापलीकडच्या ग्रेटना गावाकडे येत होते, तहानलेले, सोबत म्हातारी माणसं, मुलं. ग्रेटनाच्या पोलिसांनी बंदुका घेऊन पूल अडवला, हवेत गोळ्या झाडून त्यांना परत पाठवलं. कारण तेच, आमच्याकडे लूट होईल.

आपल्या सोसायटीत वॉचमन असावा, येणाऱ्याचं नाव लिहावं, रिकाम्या फ्लॅटला कुलूप आहे का बघावं, या सगळ्याला माझी ना नाही. पण क्लबहाउस कोरडं आहे, जनरेटर चालूय, टाकीत पाणी आहे आणि गेटबाहेर रोज आपल्याकडे येणाऱ्या मावशी भिजलेलं बाळ घेऊन उभ्या आहेत, तर "कमिटीचा निर्णय आहे" असं सांगून त्यांना परत पाठवणं, हे मी बघितलंय आणि मला ते अजून सहन होत नाही. वॉचमन खाली मान घालून उभा होता, त्याचीही खोली त्याच चाळीत.

"दहा ग्रुपवर पाठवा."

नका पाठवू. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ मध्ये आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. आणि २००५ च्या त्याच पुरात दोन दिवसांनी, २८ जुलैला, जुहूजवळच्या नेहरूनगर झोपडपट्टीत धरण फुटलं, त्सुनामी आली अशी अफवा उठली, लोक रात्री जीव घेऊन पळाले आणि चेंगराचेंगरीत डझनाच्या वर माणसं मेली, त्यात मुलं होती. पाणी ओसरत आलं होतं तेव्हा.

खरंच कोणी घर फोडताना दिसलं तर ११२ लावा, पत्ता आणि वेळ सांगा, फोटो ग्रुपवर नको पोलिसांना द्या. पाणी वाढत असेल तर जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर आहे. आणि ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर हे टाका की जवळची कुठली शाळा उघडलीय, तिथे चादरी कमी आहेत की दूध, कुठे मोबाइल चार्ज करून मिळेल, कोणाच्या घरी दोन माणसं झोपू शकतात. आमच्याकडे झोपू शकतात, पहिल्या मजल्यावर आहोत, लिफ्ट लागत नाही.