सरासरी गाठली म्हणे!

सकाळी उठल्या उठल्या घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड. 'पावसाने सरासरी गाठली! हवामान बदलवाले आता कुठे लपले?' खाली खिदळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं. म्हणून इथे.

आमच्या आजोबांनी विहिरीच्या दोराला हात-हातावर गाठी मारल्या होत्या. पोहरा पाण्याला टेकला की कितवी गाठ हातात आहे ते बघायचे आणि भिंतीवर कोळशाने आकडा लिहायचे. धो धो पाऊस झाला की आम्ही पोरं नाचायचो, भरली विहीर! ते म्हणायचे, "हे पळणारं पाणी. झड लागू दे." आणि खरंच, आठवडाभर रिपरिप झाली की मगच गाठी कमी लागायच्या.

एवढंच तर सांगतोय आम्ही! हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. मग पाऊस पडत नाही, कोसळतो, आणि मधली उघडीप लांबत जाते. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत ओतला तरी कागदावर सरासरी भरते. विहीर भरत नाही. जमीन पिते ती तिच्या वेगाने, उरलेलं माती घेऊन ओढ्याला. वर उन्हाने उडून जातं ते वेगळंच.

उपसा आपणच केला, हे मान्य. जगभरात माणूस उपसतो त्यातलं सुमारे ७० टक्के गोडं पाणी शेतीत जातं, त्याचं खापर हवामानावर फोडता येणार नाही. बरं, पुढे?

हिमनद्यांचंही तेच. वितळायला लागल्या की आधी काही वर्षं नदीला पाणी वाढतंच! तेव्हाही कुणीतरी आकडे बघून खूश होत असणार. मग एक दिवस आइसलंडच्या ओकसारखं होतं. २०१४ मध्ये ती हिमनदी उरली नसल्याचं जाहीर झालं आणि २०१९ मध्ये तिथे चक्क स्मृतिफलक लावला.

असो. फॉरवर्ड करणारा माझा आतेभाऊच आहे, हे वाचेलच. दादा, तुझ्यावर राग नाही रे. तूही तोच दोर ओढलायस, तुझेही हात सोलवटलेत. आजोबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात पोहरा पाण्याला टेकेना, आठवतं? तूच घरून दोराचा तुकडा आणला होतास. त्याला तीन गाठी मारून दिल्या त्यांनी, आणि त्या दिवशी भिंतीवर काहीच लिहिलं नाही.