गुगुत्सा रशियन कधीपासून झाला?

मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांच्या जुन्या पुस्तकांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरवला जातो. त्याचा गोषवारा असा: मोठ्ठी टोपी घालणारा गुगुत्सा हा रशियन गोष्टींतला मुलगा, त्याचे लेखक स्पिरिदोन वांगेली हे रशियन आणि सोव्हिएत सरकारचे ठरलेले लेखक, रोमानियाशेजारच्या मोल्दोव्हातली मोल्दाव्हियन ही निराळीच भाषा, पण खरं लेखन रशियनमध्ये व्हायचं, मुलांची पुस्तकं म्हणजे नुसता प्रचार, आणि 1991 साली सोव्हिएत संघ गेला तशी ती पुस्तकंही गेली. यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती पुढे येईल. बाकीचं टिकत नाही.

‘लेखक रशियन.’ वांगेलींचा जन्म 14 जून 1932 चा, ग्रिनाउत्स गावचा. गाव आज उत्तर मोल्दोव्हात, रिश्कानी जिल्ह्यात आहे. तेव्हा तो मुलूख रोमानियाच्या राज्यात होता. जून 1940 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, 1941 त रोमानिया परतला, 1944 त पुन्हा सोव्हिएत. बारा वर्षांचं होईतो या पोरानं राज्य तीनदा बदलताना पाहिलं. घरात बोलली जायची ती भाषा मात्र सगळा काळ एकच, रोमानियन. गुगुत्साच्या कथांचं पुस्तक 1967 साली आलं तेही तिच्यातच.

‘खरं लेखन रशियनमध्ये.’ रशियन आवृत्ती हातात असेल तर तिचं शीर्षकपान बघावं. गुगुत्सा रशियनमध्ये आणला वालेंतिन बेरेस्तोव यांनी आणि वांगेलींचा दुसरा नायक चुबोत्सेल आणला यूरी कोवाल यांनी. दोघंही स्वतः नावाजलेले रशियन बाललेखक. मूळ रशियनच असतं तर अनुवादक कशाला लागले असते? घोटाळा होतो तो पुढच्या टप्प्यावर. इतर भाषांतले अनुवाद पुष्कळदा रशियनवरून व्हायचे, आणि त्या प्रवासात मूळ भाषा दिसेनाशी व्हायची. याची एक सोपी खूण आहे. कोवाल यांनी चुबोत्सेलचं नाव आखडून ‘चुबो’ केलं. पुस्तकात मुलाचं नाव चुबो असेल, तर मजकूर रशियनमार्गे आला असं खुशाल समजावं.

गोष्टींचं गोत्रही रशियन नाही. गुगुत्साच्या गावाचं नाव त्रेई येझी, म्हणजे तीन करडं. रोमानियन वाचणाऱ्या कुणालाही इथं इओन क्र्यांगा यांची एकोणिसाव्या शतकातली, शेळी आणि तिच्या तीन करडांची गोष्ट आठवते. ती तिथं घरोघरी सांगितली जाते. (जाता जाता: गुगुत्सा या नावातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चांगला’मधला च. उच्चाराला मराठी माणसाची अडचण नाही, इंग्रजीवाल्यांची आहे.)

‘मोल्दाव्हियन ही निराळी भाषा.’ हा गैरसमज लिपीमुळे झाला. सोव्हिएत काळात मोल्दोव्हातली रोमानियन सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत, लिहायची सक्ती होती. ‘ज’ या उच्चारासाठी 1967 साली एक खास अक्षरही तिच्यात घालण्यात आलं. पण मोडीतली बखर बाळबोधीत छापली म्हणून तिची मराठी बदलते का? 31 ऑगस्ट 1989 च्या भाषा कायद्यानं लॅटिन लिपी परत आली, आणि मार्च 2023 मध्ये संसदेनं कायद्यांतला ‘मोल्दाव्हियन भाषा’ हा उल्लेख काढून ‘रोमानियन’ केला. मोल्दोव्हातून फुटून निघालेल्या, द्नीस्तर नदीपलीकडच्या ट्रान्सनिस्ट्रियात मात्र आजही सिरिलिक चालते.

लिपी बदलणं म्हणजे नुसते छपाईचे खिळे बदलणं असं मात्र कुणी समजू नये. सर्वांत जास्त काम पडतं ते मुलांच्या पहिल्या पुस्तकात. वांगेली, कवी ग्रिगोरे विएरू आणि चित्रकार इगोर विएरू यांचं ‘अबेचेदार’, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, 1970 साली निघालं. अशा पुस्तकाचं बंधन कडक असतं: पाठात तोवर शिकवलेलीच अक्षरं वापरायची. दहा अक्षरं झाली असतील तर त्या दहांतच गोष्ट बसवायची, आणि ती गोष्टच वाटली पाहिजे. सिरिलिकमध्ये ‘क’ला एक अक्षर आणि ‘च’ला दुसरं. रोमानियन लॅटिनमध्ये दोन्हींना एकच अक्षर. पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आला की त्याचा ‘च’ होतो, आणि तिथं ‘क’च हवा असेल तर मध्ये ‘एच’ घालावा लागतो. ‘ग’ आणि ‘ज’चंही तसंच. चुबोत्सेल हे नाव सिरिलिकमध्ये सात अक्षरांचं, लॅटिनमध्ये आठ. म्हणजे जो शब्द आधी ‘च’ शिकवला की लगेच चालायचा, त्याला आता जोडअक्षरांचा धडा होईस्तोवर थांबावं लागतं. तो मागे सरकला की त्याच्यावर बेतलेली कविताही सरकते, आणि पाठांचा क्रम पुन्हा लावत बसावं लागतं.

‘नुसता प्रचार.’ अर्धं खरं ते इथं. वांगेली बंडखोर म्हणून तुरुंगात गेले नाहीत. त्यांची पुस्तकं सरकारी प्रकाशनांनीच छापली (दुसरी नव्हतीच), सोव्हिएत संघाचा राज्य पुरस्कारही त्यांना मिळाला. पण मान्यता मिळाली म्हणजे प्रचार केला, असं होत नाही. सर्वांत गाजलेली गोष्ट घ्या. गुगुत्साची मेंढीच्या कातड्याची टोपी इतकी मोठी की डोळ्यांवर घसरते. थंडीनं कुडकुडणारी एक मुलगी त्याला दिसते, तो तिला टोपीखाली घेतो, आणि टोपी वाढते. मग तिच्याखाली आणखी पोरं मावतात, ती आणखी वाढते. या गोष्टीत ना पक्ष आहे, ना पुढारी, ना ट्रॅक्टर.

आणि बालसाहित्य सरकारला बिनधोक वाटायचं, हेही चूक. कवी ग्रिगोरे विएरूंचा ‘त्रेई येझी’ नावाचाच बालकवितांचा संग्रह 1970 मध्ये आला आणि लगोलग दुकानांतून उचलला गेला. कारण काय, तर इंद्रधनुष्यावरची एक कविता. निळा, पिवळा, तांबडा हे रोमानियाच्या झेंड्याचे रंग तिच्यात लपलेले आहेत, असं सेन्सॉरला दिसलं.

‘1991 नंतर सगळं संपलं.’ गुगुत्साच्या बाबांच्या लहानपणाचं पुस्तक 1999 चं आहे. जुलै 1949 मध्ये मोल्दोव्हातून सुमारे 35 हजार माणसं मालडब्यांत घालून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवली गेली, त्यांत मुलंही होती. सैबेरियात नेलेल्या मुलांच्या आठवणींचं पुस्तक वांगेलींनी सिद्ध केलं ते 2001 मध्ये. संघ असता तर ते छापलंच गेलं नसतं. मोल्दोव्हाच्या राजधानीत, किशिनाऊत, गुगुत्साच्या नावाचं बाहुलीनाट्यगृह आहे. शहराच्या मुख्य उद्यानात त्याच्याच नावाचं जुनं कॅफे होतं. ते पाडून टोलेजंग इमारत बांधायचं घाटलं तेव्हा 2018 मध्ये तरुण मंडळी तिथं ठाण मांडून बसली, आणि आपल्या आंदोलनाला त्यांनी नाव दिलं ‘ऑक्युपाय गुगुत्सा’.