‘नंतर भरा’ म्हणजे ‘विकलं तरच भरा’ नव्हे

इंग्लंडात घर विकायला काढलेल्या आपल्या मंडळींनो, ऑनलाइन इस्टेट एजंटच्या करारावर सही करण्याआधी एवढं वाचाच.

त्यांची ठोक फी बहुधा घर विकून देण्याची नसते, ते बाजारात मांडण्याची असते. गिऱ्हाईक मिळो न मिळो, द्यावीच लागते. ‘नंतर भरा’ हा पर्याय तर अनेकदा चक्क कर्जाचा करार असतो, तोही दुसऱ्याच कंपनीशी. ठरलेले महिने संपले की दारातली ‘विकणे आहे’ची पाटी तशीच असली तरी वसुली सुरू. वर ‘सॉलिसिटर (खरेदी-विक्रीचे कायदेशीर काम पाहणारा वकील) आमचाच घ्या, नाहीतर जादा पैसे’ अशी अटही सापडते. हे सगळं बारीक अक्षरात सारणं मला साफ अन्यायाचं वाटतं.

करारात ‘सोल सेलिंग राइट्स’ हे शब्द असतील तर सही करू नका. मग घर तुम्ही स्वतः शेजाऱ्याला विकलंत तरी फी लागते. ‘सोल एजन्सी’त तसं नसतं.

करार ऑनलाइन, फोनवर किंवा तुमच्या घरी झाला असेल तर तो १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. पण ‘लगेच काम सुरू करा’ या चौकोनात टिक केलीत की तोवरच्या कामाचे पैसे कापले जातात. तेव्हा फोटो, फ्लोअर प्लॅन, जाहिरात यांचा वेगवेगळा हिशेब मागा. रद्द केल्याचं ईमेलनेच कळवा. हा हक्क त्यांनी सांगितलाच नसेल तर मुदत १२ महिन्यांपर्यंत वाढते.

एजंटकडे तक्रार करताना ‘सेवा वाईट’ असं लिहून काही होत नाही. ‘शनिवारी ११ वाजता व्ह्यूइंग, गिऱ्हाईक दारात, एजंट आला नाही, ११.२० ला फोन केला’ असं लिहा. सोबत कॉलची नोंद जोडा. एजंटकडच्या तुमच्याबद्दलच्या नोंदी आणि कॉल रेकॉर्डिंगही मागा. ती मोफत मिळतात, साधारण महिन्याभरात. आलेली प्रत्येक ऑफर त्यांनी तुम्हाला लेखी कळवायलाच हवी, त्यामुळे दडवलेली ऑफर बरेचदा या नोंदींतच सापडते.

८ आठवड्यांत निकाल लागला नाही तर प्रॉपर्टी ओम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थांपैकी एजंट जिचा सदस्य असेल तिकडे जा. पैसे पडत नाहीत. प्रॉपर्टी ओम्बड्समनकडे जायला एजंटचं अंतिम उत्तर हाती आल्यापासून १२ महिने मिळतात. कर्जाचा वाद मात्र फायनान्शियल ओम्बड्समन या आर्थिक तक्रारींच्या संस्थेकडे, आणि तिथे कर्ज कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर ६ महिनेच.

एजंट बदलताना जुन्याकडून घर पाहून गेलेल्यांची लेखी यादी घ्या. त्यातल्याच कुणी पुढे घर घेतलं तर जुना आणि नवा, दोघेही एजंट फी मागू शकतात.