24 ट्रॅकसाठी गेमिंग लॅपटॉप? काहून, भाऊ?

साउंडवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय : 'कार्यक्रमाच्या जागी 24 ट्रॅक (प्रत्येक माइकचा आवाज वेगळा) रेकॉर्ड करायचे तर आय-नाइन प्रोसेसर, 32 जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड हवंच. म्हणजे गेमिंग लॅपटॉपच घ्या. आणि रेकॉर्डिंग 96 किलोहर्ट्झवर करा.' परवा आमच्याकडचा एक पोरगा हाच मेसेज घेऊन नागपुरात बर्डीवर लॅपटॉप बघायला निघाला होता. त्याला अडवलं.

आधी आय-नाइन. रेकॉर्डिंग म्हणजे मिक्सिंग, म्हणजे ट्रॅक एकत्र जुळवणं, नव्हे. मिक्सरकडून आलेला डेटा उचलायचा आणि डिस्कवर ठेवायचा, एवढंच प्रोसेसरचं काम. 24 बिट, 48 किलोहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने, प्रत्येक 24 बिटांचा) एक ट्रॅक सेकंदाला 144 किलोबाइट घेतो. 24 ट्रॅकचे साडेतीन एमबीही भरत नाहीत, तासाला साडेबारा जीबीच्या आत. कुठलीही साधी एसएसडी हे हसत लिहिते. बेहरिंगरचा एक्स-32 हा डिजिटल मिक्सर तर 32 चॅनेल जुन्या यूएसबी 2.0 वरूनच पाठवतो.

रॅमचंही तेच. 8 जीबीत भागतं. घरी प्लगिन (आवाज सुधारणारी जोड-सॉफ्टवेअर) लावून मिक्स करणार असाल तर 16 घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

ग्राफिक्स कार्ड मात्र नुसतं बिनकामाचं नाही, ते आडवं येतं. त्याचा ड्रायव्हर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर), किंवा वायफायचा, मधूनच प्रोसेसर अडवून धरतो. तेवढ्यात ऑडिओचा बफर (आलेला आवाज क्षणभर साठवायची जागा) हुकला की ट्रॅकमध्ये 'टक्' येतं, आणि ते नेमकं आलापात येतं. म्हणून दुकानात गेलात की 'लेटन्सीमॉन' हे अशी अडवणूक मोजणारं फुकटातलं सॉफ्टवेअर वीसेक मिनिटं चालवून बघा. लाल पट्टे दिसले तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा, मग तो कितीही चकाकत असो. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी विंडोजची सेटिंग) बंद आणि बफर सरळ 1024 नमुन्यांवर. त्याने 21 मिलिसेकंदांचा उशीर होतो, होऊ द्या. कलाकाराला आवाज मिक्सरवरून ऐकू जातो, लॅपटॉपवरून नाही.

आता आपल्या गावची गोष्ट. बऱ्याच लॅपटॉपना 35 अंशांपर्यंतच्या हवेत चालवा असं कंपनीच सांगते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात. मागे एका लॉनवरच्या बैठकीला मित्राचा गेमिंग लॅपटॉप स्टेजच्या कडेला ठेवला होता. तिसऱ्या बंदिशीला त्याचे पंखे असे सुटले की तबलजी मागे वळून म्हणाले, "भाऊ, हेलिकॉप्टर काहून सुरू केलं?" घरी येऊन ऐकलं तर तानपुऱ्याच्या माइकवर अखंड घरघर. शेवटी तो ट्रॅक टाकून द्यावा लागला.

96 किलोहर्ट्झबद्दल फार बोलायला नको. मिक्सर एक्स-32 असेल तर तो चालतोच 44.1 किंवा 48 वर. 96 येणार कुठून?

मेसेजात नसलेली गोष्ट म्हणजे वीज. लाइन गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मिक्सर बंद पडतो. मग आय-नाइन रेकॉर्ड काय करणार, अंधार? त्या पोराने शेवटी ऑफिसात वापरलेला एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला, आणि उरलेल्या पैशांत मिक्सरसाठी यूपीएस.