दहापैकी किती?

नोकरीच्या फॉर्मात नाव, पत्ता, अनुभव भराभर भरून होतं आणि मग तो रकाना येतो : 'जावास्क्रिप्ट, १ ते १०'. म्हणजे ही प्रोग्रॅमिंगची भाषा आपल्याला दहापैकी किती येते, ते आपणच लिहायचं. इथं माझं घोडं पेंड खातं. कॉलेजवाल्यांकडे निदान गुणपत्रिका असते. स्वतःच्या स्वतः शिकलेल्यानं पेपर काढायचा, सोडवायचा आणि तपासायचाही. आठ लिहिले तर आगाऊपणा, चार लिहिले तर मुलाखतीचं बोलावणंच नाही.

त्यात डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली लिहून ठेवलंय, की कच्च्या माणसाला आपला कच्चेपणाही मोजता येत नाही. ते वाचल्यापासून मी चार लिहितो, आणि एवढं कमी लिहिलं म्हणजे आपण हुशारच असणार, असं मनात म्हणतो!

त्यापेक्षा स्वतःला तपासायला रिकामी फाइल बरी. इंटरनेट बंद, कोड सुचवणारं सगळं बंद, अर्धा तास, बायनरी सर्च. क्रमानं लावलेल्या यादीत हवा तो आकडा शोधायचा, तर मधला आकडा बघायचा, नको ती अर्धी यादी सोडून द्यायची, आणि उरलेल्या अर्धीत पुन्हा तेच. उरलेल्या यादीची सुरुवात म्हणजे 'लो', शेवट म्हणजे 'हाय' आणि मधली जागा म्हणजे 'मिड'. दहा-पंधरा ओळींचा मामला. पण 'लो = मिड + १' मधला तो १ विसरला, की दोनच आकडे उरल्यावर मिड पुन्हा लोवरच येऊन बसतो आणि लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा तुकडा, गरागरा फिरत राहतो. म्हणून रिकामी यादी, एकच आकडा, पहिला, शेवटचा आणि यादीत नसलेला, अशा पाचही तऱ्हा चालवून बघायच्या. माझं गाडं बहुधा पाचव्याला अडकतं. त्यावर एक दिलासा आहे. जावा या दुसऱ्या भाषेच्या लायब्ररीतला, म्हणजे तयार कोडच्या साठ्यातला, बायनरी सर्च जोशुआ ब्लॉक यांनी लिहिला होता. त्यात मिड काढताना लो आणि हायची बेरीज २१४७४८३६४७ च्या, म्हणजे तिथं मावणाऱ्या सगळ्यांत मोठ्या आकड्याच्या, पुढं गेली की उत्तर उणे यायचं. हा बग तिथं नऊएक वर्षं सुखानं नांदला, आणि २००६ साली तो जगाला सांगितला तोही ब्लॉक यांनीच.

डेटाबेसचं दुखणं वेगळं. १०० ऑर्डरी दाखवताना प्रत्येकीच्या ग्राहकासाठी लूपमध्ये वेगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला वेगळा प्रश्न, टाकली, की यादीची एक धरून १०१ क्वेऱ्या होतात. ऑर्डरी आणि ग्राहक एकत्र जोडून आणणाऱ्या एका जॉइनमध्ये भागलं असतं. पण आपल्या मशिनवर असतात सात ऑर्डरी, त्यातल्या तीन 'टेस्ट टेस्ट' नावाच्या. सगळं कसं झटपट, चूक कळतच नाही.

रकाना अजून रिकामाच. सवयीनं त्यात ११ टाकून बघितले. फॉर्मनं निमूट घेतले. हा फॉर्म ज्यानं लिहिला, त्यानं स्वतःला किती दिले असतील?