कॅम्पिंगचं सगळं सामान एकीच्याच डोक्यात कशाला?

थंडी पडली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. "आम्ही सगळे भंडारदऱ्याला तंबूत राहायला चाललोय, तुमची सामानाची यादी पाठवा ना." यादी मी लगेच पाठवते, पण तेवढ्याने भागत नाही असं मला मनापासून वाटतं. काय काय न्यायचं हे थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच सुचतं. नेलेलं सामान नेमकं कशात आणि कुठे ठेवलंय, हे मात्र बहुतेक घरांत एकाच माणसाला माहीत असतं, आणि ते माणूस म्हणजे घरातली बाई. यावरच आज जरा सविस्तर लिहिते आहे.

भंडारदऱ्याचंच उदाहरण घेऊ, कारण नाशिककरांना ते जवळ आहे, साधारण ७० किलोमीटर. सगळ्यांना सुट्टी मिळून, खाऊनपिऊन, घोटीला चहा घेऊन निघेपर्यंत धरणाजवळचं शेंडी गाव गाठायला पाच-साडेपाच वाजतातच. डिसेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला कळसूबाईची रांग, आणि धरणाच्या पाण्यावरून येणारा गार वारा. गाडीतून उतरल्यावर हातात अर्ध्या तासाचा उजेड असतो. त्या अर्ध्या तासात काय होतं ते आठवून बघा. डिकी उघडते, पिशव्या बाहेर येतात आणि हाका सुरू होतात. "वहिनी, काडेपेटी कशात आहे?" "आई, माझी कानटोपी?" "अगं, बाबांची गोळी कुठल्या पर्समध्ये टाकलीस?" "खुंट्या घेतल्या होत्या ना?" सगळ्या हाका एकाच दिशेने. ती बाई एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत हात घालत फिरते आणि बाकीचे तिच्याकडे बघत उभे राहतात. तिला धरण दिसत नाही, मावळतीचे रंग दिसत नाहीत. सुट्टी तिचीही असते.

याला मी नीटनेटकेपणा म्हणत नाही. ती बाई कितीही टापटिपीची असली, तिने कितीही सुंदर घड्या घालून सामान भरलं असलं, तरी नाही. घरातल्या कुठल्याही माणसाला, अंधारात, कुणालाही न विचारता वस्तू सापडली तरच सामान नीट भरलं असं माझं ठाम मत आहे.

हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकले. त्यांनी तंबूत राहायला जाण्यासाठी कधी कुठला कोर्स केला नाही. त्या वारीला जायच्या, दिंडीतून, आळंदी ते पंढरपूर. आपण कॅम्पिंग नवीन आलंय असं धरून चालतो, पण आपल्याकडे लाखो माणसं दरवर्षी पावसात पंधरा-अठरा दिवस रोज नव्या गावी मुक्काम करत जातात आणि त्यांचं सामान त्यांना रोज सापडतं. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले घोडे आणि तंबू आजही त्या सोहळ्याचा भाग आहेत. दिंडीचा सामानाचा ट्रक पुढे निघून जातो आणि माणसं चालत पोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात. वळकटीवर आणि पिशवीवर नाव रंगवलेलं, नाहीतर ओळखीची खूण शिवलेली. सासूबाईंच्या पिशवीला हिरव्या खणाचा तुकडा शिवलेला असायचा. त्या सांगायच्या, "शंभर पिशव्यांत माझी पिशवी मला दुरून दिसायची, वाचावं लागायचं नाही." आणि मुक्कामावर समाज आरतीच्या, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की एवढा मोठा समाज शांत होतो, मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू सांगितल्या जातात आणि उद्या निघण्याची वेळही. रोज, न चुकता.

त्यातलं जे जे आम्हाला जमलं ते आम्ही उचललं. आधी खाती वाटून घेतली. तंबू आणि दिवे नवऱ्याकडे, पाणी आणि गाडी धाकट्या दिरांकडे, औषधं जावेकडे, अंथरूण-पांघरूण सासूबाईंकडे, स्वयंपाक माझ्याकडे. ज्याचं खातं त्यानेच यादी करायची, त्यानेच भरायचं, त्यानेच गाडीत चढवायचं आणि परत आल्यावर त्यानेच जागेवर ठेवायचं. शेवटचे दोन भाग फार महत्त्वाचे आहेत. पुष्कळ घरांत पुरुष "सांग काय उचलू" म्हणून अगदी मनापासून मदत करतात, पण सांगायचं काम तिच्याकडेच राहतं आणि तेच खरं दमवणारं असतं. तुमच्या घरी हा बदल करायचा असेल तर सामानाला हात लावण्याआधी, आठवडाभर आधी, जेवताना बसून खाती वाटा. निघायच्या आदल्या रात्री वाटलीत तर काही उपयोग नाही.

मग डिकी. डिकी भरताना वस्तूंचा आकार बघून भरायची सवय असते, मोठं खाली आणि बारकं फटीत. मी घड्याळ बघून भरायला सांगेन. उतरल्याउतरल्या जे लागणार ते सगळ्यात शेवटी आत जायला हवं. म्हणजे तंबूची पिशवी, खालची ताडपत्री, खुंट्या आणि हातोडी, हेडलॅम्प, प्यायचं पाणी, स्वेटर-कानटोप्यांची एक वेगळी पिशवी आणि चिवड्याचा डबा. चिवडा मुद्दाम सांगते आहे. तंबू लागेपर्यंत पोरांच्या हातात काहीतरी खायला असलं की मोठ्यांची डोकी शांत राहतात. गाद्या, सतरंज्या, उद्याचे कपडे, उद्याचा शिधा हे सगळं खाली आणि मागे. जोपर्यंत तंबू उभा नाही तोपर्यंत त्यातलं काहीही बाहेर काढायचं नाही. एकदा सगळ्या पिशव्या गवतावर पसरल्या की दव पडायला लागतं, पांघरुणं ओलसर होतात, आणि पहाटे पारा खाली उतरला की ती ओल हाडांत शिरते.

मुलांच्या बाबतीत माझा अनुभव असा की त्यांना जबाबदारी दिली तर ती चोख पार पाडतात, फक्त गोष्ट त्यांच्या मापाची हवी. आमच्याकडे प्रत्येक पोराची पिशवी वेगळ्या रंगाची आहे, कारण धाकटीला अजून धड वाचता येत नाही. कपडे दिवसाप्रमाणे गुंडाळायचे: टीशर्ट पसरायचा, त्यावर पँट, त्यावर चड्डी आणि मोजे, खालून घट्ट गुंडाळत वर जायचं आणि रबर लावायचं. एक गुंडाळी म्हणजे एक दिवस. सकाळी थंडीत कुडकुडणाऱ्या पोराने तंबूतल्या तंबूत एक गुंडाळी काढली की काम झालं, पिशवी उपसावी लागत नाही. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, झोपेपर्यंत न घातलेले. पाण्याजवळ मुलं भिजणारच, तेव्हा एक रिकामी जाड पिशवी फक्त ओल्यासाठी. ओलं आणि कोरडं एकत्र झालं की सगळंच ओलं.

आता माझं खातं. स्वयंपाकाचं सामान भरताना भांड्यांपासून सुरुवात करू नका. आधी काय खाणार ते ठरवा. पहिल्या रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, भाजलेला पापड, लोणचं. सकाळी उपमा. एवढं ठरलं की भांडी आपोआप ठरतात: एक कुकर, एक पातेलं, एक कढई, झारा, सांडशी, चहाचं गाळणं. खिचडीसाठी तांदूळ, डाळ, हळद, तिखट, मीठ, धने-जिरेपूड सगळं घरीच मापाने एका पाकिटात भरते आणि पाकिटावर मार्करने लिहिते, "तेल-मोहरीची फोडणी, १ वाटीला ४ वाट्या पाणी, ४ शिट्ट्या". उपम्याचा रवा फोडणी घालून भाजून नेते. त्याच्यावरही तसंच लिहिलेलं असतं. त्यामुळे रात्रीची खिचडी मीच लावली पाहिजे असं राहत नाही. मागे एकदा दिरांनी आणि पुतण्याने मिळून लावली, वाचून वाचून, आणि काय सुरेख झाली होती! मी तेवढ्या वेळात सासूबाईंबरोबर पाण्याच्या कडेने अंधार पडेपर्यंत फिरून आले.

दुपारचं जेवण मात्र मी नेतच नाही. शेंडीत, रतनवाडीत घरगुती जेवण सांगून ठेवता येतं. गरम भाकरी, पिठलं, ठेचा. पीठ, परात, तवा, लाटणं एवढं ओझं गाडीतून कमी होतं, चार पैसे गावातल्या घरी जातात, आणि ती भाकरी आपल्याला जन्मात जमणार नाही अशी असते. रतनवाडीला गेलात तर अमृतेश्वराचं देऊळ बघून जेवायला बसा.

स्वयंपाकाच्या खोक्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली आहे. वापरलं, पुसलं, की जागेवर. रात्री झाकण घट्ट लावून खोका गाडीत जातो. खाण्याची वस्तू तंबूत ठेवायची नाही, मुंग्या आणि उंदीर बरोबर पोचतात. शेगडी तर तंबूत कधीही पेटवू नका. बाहेर कितीही गारठा असो, ऊब हवी म्हणूनही नको. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस उठत नाही. शेकोटीचे निखारे घमेल्यात घालून आत आणणारे लोक मी पाहिले आहेत. हात जोडून सांगते, असं करू नका.

औषधांचा डबा लाल, आणि त्याची जागा ठरलेली: ड्रायव्हरच्या सीटमागे. तापाची गोळी, ओआरएस, बँडेज, जंतुनाशक, मुलांचं सिरप मापाच्या चमच्यासकट. पण बाबांची रक्तदाबाची गोळी त्या डब्यात जात नाही. ती त्यांच्या स्वतःच्या कमरेच्या पाउचमध्ये, कारण ज्याची गोळी त्याच्या अंगावर. तिकडे मोबाइलला कायम रेंज मिळेलच असं नाही, म्हणून जवळचं सरकारी रुग्णालय, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्यांच्या जागेत तंबू टाकलाय त्यांचा नंबर हे सगळं कागदावर लिहून डब्याच्या झाकणात. विंचू किंवा साप चावला तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरच्या उपचारांत जे काम केलं, त्याने कोकणातले कितीतरी जीव वाचले. पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोचायला हवं. बूट रात्री एका पिशवीत घालून आत घ्यायचे, तोंड बांधून, आणि सकाळी तरीही झटकून घालायचे. हे काम आमच्याकडे पोरांचं आहे, सगळ्यांचे बूट तेच मोजून आत घेतात.

पाण्याबद्दल थोडक्यात: पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा. वीस लिटरचा जार तोटीसह न्या, वाकडा करून ओतण्यात अर्धं पाणी जमिनीत जातं.

काय नेऊ नये हेही सांगते. "असू दे, लागेल" म्हणून टाकलेली प्रत्येक वस्तू, लागणाऱ्या वस्तूवर येऊन बसते. काचेच्या बरण्या नकोत. मोठा स्पीकर नको, तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे आणि तिथे रात्री ऐकण्यासारखं पुष्कळ असतं. मे अखेर-जूनमध्ये काजवे बघायला जाणार असाल तर प्रखर टॉर्च नकोत. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा आणि तोही जमिनीकडे धरा. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं बोलणं असतं, आपल्या उजेडात ते थांबतं. कचऱ्यासाठी दोन पिशव्या मात्र नक्की हव्यात, आणि त्या भरलेल्या घरी परत आणायच्या.

रात्री झोपण्याआधी आमच्याकडे सासूबाई विचारतात, "काय हरवलं, काय सापडलं?" एकेक जण सांगतो. एक मोजा सापडला, चाकू मिळत नाहीये, बॅटरी कुणाकडे आहे. दोन मिनिटांचं काम. चाकू रात्रीच शोधला जातो, सकाळी गवतात कुणाच्या पायाखाली येत नाही. मग उद्या किती वाजता उठायचं ते ठरतं आणि दिवे बंद होतात.

परतीचं सामान भरणं हा लोकांचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. सगळे दमलेले असतात, हाताला लागेल ते डिकीत कोंबलं जातं आणि घरी आल्यावर सगळं पुन्हा एकीच्या अंगावर. त्यामुळे निघतानाही खाती चालूच ठेवा. तंबू सकाळी दवाने भिजलेला असतो, तो तसाच गुंडाळून माळ्यावर गेला तर बुरशी धरतो, म्हणून घरी आल्यावर गच्चीत दोन दिवस वाळत घालायचा. खुंट्या मोजायच्या. कुकरची शिट्टी आणि रिंग आहे ना ते बघायचं. औषधांच्या तारखा तपासायच्या. संपलेली काडेपेटी, मीठ, मेणबत्त्या तेव्हाच भरून खोका बंद करायचा आणि झाकणावर खडूने तारीख घालायची. आमच्याकडे तंबूचं खातं नवऱ्याकडे आहे, त्यामुळे सोमवारी ऑफिसला जाण्याआधी तो गच्चीत तंबू उलटवताना दिसतो. ते काम मी करत नाही, आणि झालं का म्हणून विचारतही नाही.