फुटपाथवरून प्राइड कसा बघावा

समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे लोकांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या मुंबईच्या प्राइड मार्चला जाणार असाल (म्हणजे समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघणार, गैरसमज नको) तर आधी शेजारी उभा असेल त्याला सांगून टाका की आपण बसची वाट बघतोय. विचारलं नसेल तरी सांगा.

मग म्हणायचं, ही सगळी पाश्चात्त्य थेरं. मुद्दा आहेच, १९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांची धाड पडली, एरवी मान खाली घालून निघून जाणारी माणसं त्या रात्री उलटली, आणि बरोब्बर वर्षाने २८ जून १९७० ला तिथे पहिला मार्च निघाला. म्हणजे फॉरेनचंच ना! समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलमसुद्धा फॉरेनचंच, १८६० च्या इंग्रजांच्या कायद्यातलं, पण ती मात्र आपली संस्कृती, तिथे गडबड नको. २००८ साली १६ ऑगस्टला हे लोक ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाले आणि त्या कलमाबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी म्हणाले, तेही जिथून बेचाळीस साली 'चले जाव' झालं तिथून. हा विषय कोणी काढलाच तर फोन आल्यासारखं करा.

ट्रॅफिकबद्दल कळवळून बोला. मार्च गिरगाव चौपाटीला गेला, त्याच चौपाटीवर अनंत चतुर्दशीचं विसर्जन दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालतं, पण ते वेगळं. लग्नाची वरात वेगळी. साहेबांचा वाढदिवस तर फारच वेगळा.

फोटो न विचारता काढायचे. सुरुवातीच्या मार्चमध्ये बरेच जण मास्क लावून चालायचे, का तर घरी टीव्हीसमोर आईबाबा बसलेले असायचे, ते आपल्याला काय करायचंय, झूम करा आणि फॅमिली ग्रुपवर टाका, खाली हसणाऱ्या चार इमोजी.

"२०१८ ला सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा नाही म्हटलं, दिलं ना सगळं, आता अजून काय पाहिजे?" हे मोठ्याने विचारायचं. २०२३ ला त्याच कोर्टाने लग्नाचा हक्क दिला नाही हे कोणी बोललं तर "लग्न करून कोण सुखी झालंय" असं म्हणून हसायचं, बायको सोबत नसेल तर.

आणि घोळक्यात ओळखीचा चेहरा, समजा भाचाच दिसला, तर खांबाआड व्हा. तरी तो येईलच, "मामा, तू इथे?" करत. बस सांगा. तो म्हणेल, मामा, या रस्त्यावरच्या बस दुपारपासून वळवल्यात.